चष्मेवालीचा साल्सा

प्रिय चष्मेवाली,

तुझ्या लेकीला मुलगी झाल्याचं कळलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. आजी झालीस बाई! आता तरी जरा पोक्तपणे वाग. त्या इवल्याशा जिवाला लगेच अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवू नकोस. खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? आणि आज जे सांगायचंय ते मधेच तोडलेलं मला चालणार नाही. म्हणून म्हटलं, लिहावंच.

सकाळी साल्सा केला, आपली ती टोमॅटोची परदेशी चटणी. तुझ्याशिवाय, पहिल्यांदाच. टोमॅटो लालभडक, पण दाबल्यावर बोट न रुतणारे आणले. आतलं पाणी आणि बिया काढल्या, बारीक चिरले, मीठ लावून चाळणीत निथळत ठेवले. कांदा चिरून थंड पाण्यातून काढला. मग मिरची, देठांसकट कोथिंबीर, आणि लिंबू अगदी शेवटी. झाकून ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले, कारण समोर बसलं की राहवत नाही. तुला तर ते मुरू देणं कधीच जमलं नाही. झाकण किलकिलं करून चमचा घालायचीस आणि वर मलाच सांगायचीस, "मुरलाय गं, मुरलाय!"

तुला मी हे सगळं शिकवलं असं आपण जगाला सांगतो. खरं काय ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. माझा तो ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वास गेला तशी चवही गेली. खारट, आंबट, गोड जिभेला कळायचं, मिरची झोंबायची; पण तोंडात टोमॅटो आहे की काकडी, हे काही सांगता यायचं नाही. वसतिगृहाच्या कॅन्टीनमध्ये एवढी वर्षं पोरींना जेवू घालणारी मी, जिच्या हाताला चव आहे म्हणून जुन्या मुली आपापल्या नवऱ्यांना घेऊन जेवायला यायच्या, ती मी घरी बसले. आमच्या व्यवस्थापकबाईंनी रजा दिली, बरी झालीस की ये म्हणाल्या. त्यात घरी दूध करपलं. मी त्याच ओट्यापाशी उभी राहून वाटाणे सोलत होते आणि शेजारीण धावत येऊन दार ठोठावेपर्यंत मला पत्ताच नव्हता. सून काकुळतीला येऊन म्हणाली, "आई, एकट्या असताना गॅस नका ना लावू." तिचं खरं होतं, आणि मला वाईट वाटलं ते त्याचंच.

त्या दिवसांत जो येईल तो विचारायचा, आला का वास? जसा काही माझा वास परगावी गेलेला नवरा! तू मात्र टोमॅटोंची पिशवी ओट्यावर आदळलीस आणि म्हणालीस, जावयासमोर माझी अब्रू जायची वेळ आली आहे, मला काहीतरी शिकव, पण गॅस न लावता होणारं. आयुष्यभर डबा मागवून खाणारी बाई, गाजराचा पाला कोथिंबीर म्हणून घेऊन आली होतीस! डाव मला कळत होता. पण तू तोंड इतकं गंभीर केलं होतंस की मी मुकाट्याने सुरी घेतली. पहिल्या दिवशी टोमॅटोंचे जे हाल केलेस ते बघून मी कितीतरी दिवसांनी हसले. मग दर रविवारी तेच. तुला शिकवता शिकवता मला कळत गेलं की नाकाशिवायही बरंच काही आपल्याजवळ उरतं. ताजा कांदा सुरीखाली कसा वाजतो, पिकलेला टोमॅटो तळहातावर किती जड लागतो, नेमकं मीठ पडलं की फोडींना पाणी कसं सुटतं. हे मी वर्षानुवर्षं करत होते, पण कधी कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

आणि तो रविवार. मला कामावर जायची घाई झाली होती. वास परत आलाय, उद्याच बाईंना फोन करते, असं मी तुला ठणकावून सांगितलं. मला वाटलं, तू मिठी मारशील. तू म्हणालीस, डोळे मीट. आधी एक चमचा, मग दुसरा, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरची भिंगं बदलताना विचारतेस ना, अगदी त्या सुरात विचारलंस, "कोथिंबीर कशात आहे? पहिल्यात की दुसऱ्यात?" मी छातीठोकपणे म्हटलं, दुसऱ्यात, आणि मस्त लागतेय. तू हळूच म्हणालीस, "कोथिंबीर अजून पिशवीतच आहे गं."

किती चिडले होते मी! तुला चालती हो म्हटलं. तू गेली नाहीस. खुर्ची ओढून कोथिंबीर निवडत बसलीस, आणि खाली बघूनच म्हणालीस की नजर अधू झालेली माणसंही तक्ता पाठ करून येतात, त्यांच्यावर रागवायचं नसतं, फक्त त्यांना गाडी चालवू द्यायची नसते. खरंच, त्या सोमवारी मी कामावर गेले असते आणि एखाद्या पातेल्यातलं आंबलेलं मला कळलं नसतं तर? दोनशे लेकी जेवतात गं तिथे. त्यांनाही आणि मलाही वाचवलंस. तुझे उपकार मानले तर तू भांडशील, म्हणून लिहून मोकळी होते.

आता जे सांगायला बसले ते. तू लेकीकडे गेल्यानंतर मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. माझा वास आता परत येणार नाही म्हणाले. घरी येऊन पोटभर रडले. मग आज साल्साचा डबा घेऊन बाईंकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी उभ्याउभ्याच अर्धा डबा संपवला आणि म्हणाल्या, ये कामावर, पण एक विश्वासाचं नाक सोबत आण; त्याने हो म्हटल्याशिवाय एकही पातेलं बाहेर जाणार नाही. मी तुला न विचारता तुझं नाव सांगून आले. स्वयंपाकाच्या नावाने तुझा आनंद असला तरी दूध नासायच्या आधीच तुला त्याचा वास येतो, हे मला माहीत आहे. सकाळचं काम आहे, तुझं दुकान उघडायच्या आत संपेल. पगार बेताचा, जेवण फुकट. नातीला मनसोक्त खेळव, घाई नाही, बाई महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. पण तू शेजारी उभी असलीस, तर मला त्या मोठ्या शेगड्यांची भीती वाटणार नाही. येशील ना?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
कॅन्टीनवाली