आज काय आसा

आई,

बंदरावरचा लिलाव आटोपून, मासळी घेऊन तू घरी पोचलीस की माझा फोन वाजायचा. पुण्यात मी ऑफिसला निघायच्या गडबडीत, एका हातात कंगवा, आणि तिकडून तुझा पहिला प्रश्न, "जेवलंस गो?" सकाळी उठून कोण जेवतं, हे मी तुला कितीदा सांगितलं असेल, पण तू काही तो प्रश्न बदलला नाहीस. माझं उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच तू कामाच्या गोष्टीवर यायचीस. "आज बांगडो गावाक नाय. तो पुसून टाक आणि सुंगटां घाल." बांगडा मिळाला नाही, कोळंबी लिही, आणि पुसायचं होतं ते मी केलेल्या वेबसाइटवरून. बाबा गेल्यावर तू मालवणच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलीस, पडवीत जेवणाची पानं मांडू लागलीस. मी नुकतीच वेब डिझायनर झाले होते, आणि जगाला काहीतरी करून दाखवायची मला भारी घाई होती. म्हणून तुझी वेबसाइट मी न मागताच केली.

दिसायला ती फार सुंदर होती, हे आजही म्हणेन. पण तेव्हा मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर धड दिसत नसत, जागोजागी नुसते चौकोन यायचे. यावर मी एक शक्कल लढवली. त्या दिवशीच्या मासळीची नावं एका छान वळणाच्या अक्षरांत लिहिली आणि अख्ख्या मजकुराचं चित्र करून पानावर बसवलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, वाहवा घेतली. समुद्रात रोज तेच मासे मिळत नाहीत, हे मालवणात जन्मलेल्या मुलीला सुचू नये, म्हणजे कमालच. एक मासा बदलायचा तर सबंध चित्र नव्याने करून चढवावं लागे. पहिले काही दिवस केलं. मग "संध्याकाळी बघते" म्हणू लागले, आणि पुढे संध्याकाळही होईना.

एका दुपारी तुझा फोन आला आणि तू जेवलंस का विचारलं नाहीस. कोल्हापूरची माणसं तिसऱ्यांचं सुकं खायचं म्हणून मुद्दाम आली होती, वेबसाइटवर वाचून. घरात तिसऱ्यांची एक शिंपली नव्हती. त्यातला एक जण भर पंगतीत म्हणाला होता की बोलवायचं एक दाखवून आणि वाढायचं दुसरंच. तू मला म्हणालीस, "तुझां पान खोटां बोलता, आणि नाव माजां जाता." मी चिडले. मला दुसरी कामं नाहीत का, एका चित्राला किती वेळ जातो तुला ठाऊक आहे का, असं बरंच बोलले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग माका लिवक दी. माज्या घरात काय शिजता ता माका म्हायत आसा."

माका लिवक दी. आई, ज्याचं त्याला लिहू द्यायचं, याच एका गोष्टीसाठी लोकांनी अख्खी यंत्रणा बनवून ठेवली होती, आणि मी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हते. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टम असं तिचं नाव. ते प्रोग्रामर लोकांचं काम, आपण रंग आणि अक्षरं बघायची, अशा तोऱ्यात मी होते. त्या आठवड्यात निमूटपणे शिकायला बसले. त्यात पानाचा साचा वेगळा असतो आणि त्यात येणारा मजकूर वेगळा. साचा डिझायनरने करायचा, मजकूर ज्याचा त्याने लिहायचा, आणि एकाने हात लावला म्हणून दुसऱ्याचं काही मोडायचं नाही. मला वाटलं होतं की यात डिझायनरचे हात बांधले जातात. पण खरं तर मी पहिल्यांदाच माणसांसाठी डिझाइन करत होते. तोवर जे केलं ते भिंतीवर लावायचं चित्र होतं.

गणपतीला घरी आले ती ही नवी वेबसाइट घेऊनच. जुना कॉम्प्युटर आणला होता, आणि त्याच्या बटणांवर चिकटवायला मराठी अक्षरांची स्टिकरं. मी तो माजघरात ठेवत होते, तू स्वयंपाकघरातच ठेवायला लावलास, माळ्याखाली, नारळांच्या शेजारी. "थंय कोण जाऊन बसतलो?" म्हणालीस. रोजचा मजकूर जिथे लिहायचा, त्या चौकटीवर काय नाव द्यायचं विचारलं, तर म्हणालीस, "आज काय आसा." मी तेच दिलं. तू वाटण काढता काढता हात पदराला पुसून एकेक अक्षर शोधायचीस, आणि दोन दिवसांत अर्धी बटणं हळदीने पिवळी झाली. मी ओरडले, तशी तू हसलीस.

"ह्या चौकटीत कायव लिवलां तरी चलात?"

"काहीही लिही."

"आणि ता सगळ्यांक दिसतलां?"

"हो."

"तुका पण?"

"मला सगळ्यांच्या आधी. तू काही बदललंस, अगदी नुसतं जपून ठेवलंस, तरी मला मेल येतो." त्या मेलचा मथळा मीच लिहिला होता, 'आईने लिहिलंय'. तुला वाचून दाखवला. तू हात पुन्हा पदराला पुसलास आणि त्या चौकटीकडे वळलीस.

त्यानंतर सकाळचे फोन थांबले. काम झालं होतं, फोन कशाला करायचा? पहिल्या आठवड्यात मला हायसं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात घर फार शांत वाटायला लागलं. तिसऱ्यापासून मी केस विंचरताना कॉम्प्युटर उघडून बसायला लागले. 'आईने लिहिलंय' असं दिसायचं आणि मी उघडायची. सुरुवातीला नुसती मासळीची नावं असायची. मग हळूहळू तू सैलावलीस. "आज इसवण आसा. पेडवे बारीक म्हणान घेवक नाय. पुण्यात थंडी पडली म्हणतत. स्वेटर घाल आणि दुपारचां जेवण चुकव नको." हे सगळं भर वेबसाइटवर, जगासमोर! पाहुण्यांना वाटायचं, किती मायाळू बाई, सगळ्यांची काळजी घेते. एक मुंबईकर गृहस्थ तर खरोखर स्वेटर घेऊन मालवणात आले आणि घामाघूम झाले. तू कपाळाला हात लावलास, पण लिहायचं काही थांबवलं नाहीस.

मी त्या चौकटीत दोन ओळींचीच जागा ठेवली होती. तू आठ-आठ ओळी लिहायचीस. फोटो खाली घसरायचा, फोन नंबर कुठेतरी गडप व्हायचा. तुला थोडक्यात लिही असं सांगायला फोन उचलला होता, आई. मग परत ठेवला आणि साचाच बदलला. तू कितीही लिहिलंस तरी चौकट आपली वाढत जाईल असा केला. मला पुढे जी काही चांगली डिझायनर म्हणतात, ती मी त्या सकाळी झाले. लिहिणारं माणूस किती बोलेल हे आपल्या हातात नसतं, आपण त्याला जागा करून द्यायची. हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग ती सकाळ. "आज इसवण आसा. नारळ काडून घेतले. दिवाळेक येतलंस मां?" मेल आला, मी वाचला, येणार म्हणून मनात ठरवलं आणि कामाला लागले. दुपारी शेजारच्या काकीचा फोन आला. पडवीत बसल्या बसल्याच तू गेली होतीस.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. पण वेबसाइटवर अजून 'आज' होतं. आज इसवण आसा. लोक फोन करून विचारत होते की दिवाळीत खोली मिळेल का. मी एकदा धीर करून तुझा मजकूर काढला. वर 'आज काय आसा' आणि खाली नुसती पांढरी जागा. मजकूर थोडा असेल तर पान कसं दिसेल, खूप असेल तर कसं, सगळा विचार मी केला होता. लिहिणारंच कोणी उरलं नाही तर काय, हे मनातही आलं नव्हतं. मला ते बघवेना. तुझी ओळ मी पुन्हा जिथल्या तिथे ठेवली आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. आज मी नव्या मुलांना शिकवते, तेव्हा डिझायनरने ही यंत्रणा का समजून घ्यायची, असं ती विचारतात. मी म्हणते, आधी ती चौकट रिकामी कशी दिसते ते मला दाखवा. पुढचं सांगत नाही.

इतक्या वर्षांनी ती वेबसाइट आता हलवावी लागतेय. जुन्या यंत्रणेला कोणी वाली उरला नाही. तिच्यात लिहिणाऱ्यांच्या यादीतली नको असलेली नावं काढून टाकताना तुझ्या नावाशी आले, तर यंत्राने विचारलं, या व्यक्तीने लिहिलेलं सगळं पुसायचं की दुसऱ्या कोणाच्या नावावर करायचं? खाली एकच पर्याय होता, माझं नाव. म्हणजे मला स्वेटर घालायला सांगणारी मीच, आणि दिवाळीला येशील ना म्हणून विचारणारीही मीच. मी हात मागे घेतला. नवीन जागीही तुझं नाव आहे तसंच नेणार आहे, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

आणि एक सांगायचंय. हे पत्र मी त्याच चौकटीत लिहितेय, तुझ्या नावाने आत येऊन. खाली दोन बटणं आहेत, एक सगळ्यांना दाखवण्याचं, दुसरं नुसतं जपून ठेवण्याचं. मी दुसरंच दाबणार आहे. हे पहिल्यांदा करतेय असंही नाही. अधूनमधून तुझ्या नावाने येते, एखादा शब्द घालते, परत काढते आणि जपून ठेवते. मग केस विंचरायला उठते. तेवढ्यात मेल येतो, 'आईने लिहिलंय'.