प्रेमच्या स्तवनाचे दोन आवाज

॥ जय जिनेंद्र ॥

धुळे, ११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुगन हिस निर्मलकुमारचे अ. उ. आ.

वि. वि. तुझी दिवाळीची शेव पोचली. यंदा तिखट टाकताना हात सुटलेला दिसतो. मी पाणी पीत पीत संपवली, म्हणजे चांगलीच झाली होती.

मननने नवा रेकॉर्ड प्लेयर आणला. दिसायला देखणा आहे. जाड काचेची तबकडी, मोटर बाजूला, दोघींमध्ये बारीकसा पट्टा. आपल्या जुन्या जपानी मशीनची मोटर थेट तबकडीखाली, त्यामुळे बटण दाबलं की ते लगेच धावतं. नव्याला आधी जरा दम खावा लागतो. पण आवाज स्वच्छ, घरघर अजिबात नाही. पेटीचा भातासुद्धा ऐकू येतो. खोटं कशाला बोलू?

मग तुझ्या अक्काचं स्तवन लावलं आणि माझं डोकंच फिरलं. समाजाने काढलेली तीच रेकॉर्ड, पण गात होती कोणी भलतीच पोरगी. चिरका, घाईतला आवाज. माझी प्रेम नव्हे ती. मनन म्हणाला, पप्पा, जुनंच मशीन मंद चालतंय. वेग बरोबर असला की तबकडीच्या कडेचे ठिपके दिव्यात स्थिर दिसतात, इथे ते सरकतात. मी म्हटलं, तुझी आई गेली तेव्हा तू बोबडं बोलत होतास, तू मला तिचा आवाज शिकवू नकोस. पोरगा ताटावरून उठला.

सूनबाईने, पलकने, दोन्ही मशीनवरचं स्तवन मोबाइलवर घेऊन तुझ्या नातीकडे, मुस्कानकडे पाठवलंय. ऐक, आणि खरी प्रेम कुठली ते कळव. म्हणजे नवं मशीन परत करता येईल. फोनवर हे मला बोलवत नाही.

तुझा,
निर्मलकुमार

॥ जय जिनेंद्र ॥

मेहरूण, जळगाव, १९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. जीजाजींना सुगनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शेवेत तिखट नेहमीचंच होतं, तुमची जीभ म्हातारी झालीय. इकडे थंडी पडलीय. भरताची वांगी आलीत, पण कांदा-लसूण घालत नाही म्हणून मुस्कान माझ्या भरताला नावं ठेवते.

मुस्कानने दोन्ही ऐकवलं. दोन्ही छान आहेत. इतक्या वर्षांनी माझे कान ते काय सांगणार? मननने हौसेने आणलंय, राहू द्या. दोन्ही मशीन ठेवा, ज्याला जे आवडेल ते त्याने ऐकावं. पोरावर रागावू नका.

गुडघ्याला तेल लावता ना? मायेत अंतर नसावं.

तुमची,
सुगन

॥ जय जिनेंद्र ॥

धुळे, २५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुगन हिस अ. उ. आ.

वि. वि. तू बाजारात पसाभर मटार घेतानाही दाणान् दाणा पारखतेस, आणि सख्ख्या बहिणीचा आवाज तुला ओळखू येत नाही? मला फसवू नकोस.

प्रेम गेल्यापासून रोज सकाळी दुकानात जायच्या आधी मी ते स्तवन ऐकत आलो. तो संथ, जड आवाज ऐकला की वाटायचं, आपण जाणार हे हिला आधीच कळलं होतं. तिला तसंच ठेवून मी इतकी वर्षं काढली. आता मनन माझ्याशी कामापुरतं बोलतो. खरं काय ते लिही. वाईट असलं तरी लिही.

निर्मलकुमार

॥ जय जिनेंद्र ॥

मेहरूण, जळगाव, ३ डिसेंबर २०२४

ती. स्व. जीजाजींना सा. न. वि. वि.

लिहिते. पण तुमच्या पाया पडून लिहिते.

नव्या मशीनवरचा आवाज अक्काचा आहे. पहिल्याच ओळीला मी तोंडात पदर कोंबला. ती अशीच गायची, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी. आमची आई म्हणायची, हिला देवापुढेसुद्धा घाई.

अक्का गेल्यानंतरचं पहिलं पर्युषण आठवा. आमचं महिला मंडळ तिचं स्तवन शिकायला तुमच्याकडे जमलं होतं. कुंदाबाईंना शब्द उतरवून घेता येईनात. त्या म्हणाल्या, जरा सावकाश होईल का? तेव्हा तुम्हीच मशीनच्या कडेची वेगाची दांडी खाली ओढून दिलीत. आमचं शिकून झालं, आम्ही उठून गेलो. पुन्हा वर करायचं कोणालाच सुचलं नाही. घरात सुतक सरलं तरी कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आणखी एक. तिसऱ्या कडव्याला तिचा श्वास अडकतो ना? तो हुंदका नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही समोर बसून डुलक्या घेत होतात, ते पाहून तिला हसू फुटत होतं. तिला काही कळलेलं नव्हतं, जीजाजी. मजेत होती ती.

मला हे लिहायचं नव्हतं. काळजी वाटते, पलककडून दोन ओळी तरी पाठवा.

तुमची,
सुगन

॥ जय जिनेंद्र ॥

धुळे, १४ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुगन हिस अ. उ. आ.

वि. वि. तू लिहिलंस ते बरं केलंस. मननला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि त्याच्यापुढे हात जोडले. त्याने ते धरून खाली केले.

नव्या मशीनवर मी रोज ऐकतो. श्वास अडकतो तिथे हसू आहे, आता मलाही कळतं. पण ती हसणारी बाई मला आठवत नाही, सुगन. खूप आठवून पाहिलं. डोळे मिटले की जुनी, संथ प्रेमच समोर येते, आणि ती तर कधी नव्हतीच. काल मनन नसताना जुनं मशीन लावलं, तर तेही ऐकवेना. त्या संथ आवाजाचा खोटेपणा आता कानाला कळतो.

मनन दुकानातून आला की पायातले बूट न काढता नव्या मशीनपाशी बसतो. आई हसली की तोही हसतो. त्याला त्याची आई सापडली. मी दाराशी उभा राहून परक्या घरातलं गाणं ऐकावं तसं ऐकतो. तिला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आता माझी प्रेम वारली.

तू आहेस तोवर दोन शब्द पाठवत जा.

तुझा,
निर्मलकुमार