फुग्यावरचा नवा कॅमेरा

सौसर, मंगळवार संध्याकाळ

आज आमच्या कॉलेजचा फुगा संत्र्याच्या बागांचे फोटो काढायला नवा डिजिटल कॅमेरा घेऊन ढगांच्याही वर गेला. इतकी वर्षं फिल्मचा कॅमेरा जायचा. फुगा खाली आला की फिल्म मी धुवायची. संत्र्याच्या बागा माझ्या डार्करूममध्ये, माझ्या डोळ्यांसमोर कागदावर उमटायच्या.

अन् हा नवा कॅमेरा उघडला कोणी? मीच. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अडवणारी आतली निळसर काच काढली की निरोगी झाड फोटोत चमकतं अन् रोगट झाड मळकं दिसतं. फुग्याचं काम पाहणाऱ्या वानखेडे सरांनी ती काढायला सांगितलं, मी हो म्हटलं. काऊन म्हटलं?

फुगा बोरगावच्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात उतरला. सरांनी तिथंच लॅपटॉप उघडला. सगळे त्याच्याभोवती, मी मागं उभी.

"ताई, पाहून राहिल्या ना?" सर हसत म्हणाले. "आता फिल्मची झंझट संपली. डार्करूम खाली करून द्या, तिथं कॉम्प्युटर ठेवू."

"अन् मी काय करू?"

"तुम्ही आराम करा!"

आराम मागितला होता कोणी? ती निळसर काच माझ्या पर्समध्येच होती. परत बसवून द्यावी, सगळं बिघडवावं, हेही मनात येऊन गेलं.

मग पुढं सरकून फोटो पाहिले. फुगा खाली येतानाच्या फोटोंत एकेक झाड वेगळं दिसत होतं. माझ्या फिल्मवर असं कधीच दिसलं नाही. किती वेळ मी चूक शोधून राहिली होती, एखादी तरी.

नाही सापडली.