काच शाबूत होती

आप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज सकाळपासून मला तुमच्याशीच बोलायचंय.

वोल्फ्सबुर्गजवळच्या ज्या जुन्या घरात आम्ही भाड्याने राहतो, ते पाहून तुम्ही फाटकातच थबकला असतात. दार बरोबर मधोमध, वर अर्ध्या चंद्राच्या आकाराची काच, दोन्ही बाजूंना मोजून सारख्या खिडक्या. अगदी कॅम्पातल्या आपल्या बंगल्यासारखं. आपला कसला, सरकारचा; तुम्ही तिथले मिस्त्री, आणि आपण मागच्या दोन खोल्यांत. इकडच्याच घराण्यातले जॉर्ज राजे इंग्लंडच्या गादीवर बसले आणि त्यांच्या काळची ही बांधणी साहेबाने आपल्याकडे आणली, हे मला इथे आल्यावर कळलं. हे घर डेंकमालशुट्झमध्ये आहे, म्हणजे सरकारी जतन. खिळा ठोकायचा तरी परवानगी. जिन्याजवळच्या भिंतीला तडा गेलाय. त्या जतनाच्या ऑफिसच्या माणसाने त्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली, शेजारी तारीख कोरली. मी बघतच राहिले. हुबेहूब तुमची पद्धत.

तुम्ही पोर्चच्या खांबावर अशीच पट्टी लावली होतीत. प्लास्टर मी कालवलं होतं. खांब हलला तर काच तुटते आणि तुकडे वरखाली होतात, हे तुम्हीच शिकवलंत. वर म्हणालात, "हिला हात लावलास तर तंगडं मोडीन." एका दुपारी मी तिथेच दोरीवरच्या उड्या मारतेय, आणि बघते तर काच तुटलेली. तुमच्या पिशवीतली दुसरी पट्टी काढून चिकटवली, जुनीच तारीख तुमच्यासारख्या अक्षरात कोरली. संध्याकाळी तुम्ही पाहून गेलात.

पंधरा दिवसांनी पोर्च कोसळला. खाली कोणी नव्हतं हे नशीब. तपासणी केलीच नाही असा ठपका ठेवून तुम्हाला काढलं. येईल त्याला तुम्ही सांगायचात, "काच शाबूत होती हो, मी डोळ्यांनी पाहिली." पुढे पुढे म्हणायला लागलात की माझेच डोळे गेले असतील. ओळंबा परत कधी हातात धरला नाहीत.

आज सकाळी इथली काच तुटली. लेक जिन्यात चेंडू घेऊन उभी होती. मी तोंड सोडलं तिच्यावर. ती जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली, "मी नाही केलं. नीट बघ ना." बघितलं. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा खाली सरकला होता. ऑफिसला फोन केला, दोन जॅकेटं उचलली, आणि आता आम्ही समोरच्या बाकावर त्यांच्या गाडीची वाट बघत बसलोय. वरच्या मजल्यावरच्या आजी ऐकत नाहीत. आल्झो, म्हणजे हे बघ, हे घर माझ्या आजीच्याही आधीपासून उभं आहे, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दोनदा बेल वाजवून आले. त्यांच्या खिडकीत दिवा दिसतोय.

लेकीच्या वहीच्या पानावर लिहितेय. हे पत्र टाकणार कुठे? घडी करून जॅकेटच्या खिशात राहील. त्या दुपारीही एक तुकडा खाली सरकलेला होता, आप्पा. मी पाहिला होता.