शेवटच्या दोन सेकंदांत तुम्ही

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात तुमचा चेहरा माझ्या स्क्रीनवर आला. तुमच्या मुलानंच आणला. जालना रोडला त्यानं फर्निचरचं दुकान काढलंय, त्याला तुमचं नाव दिलंय, आणि मोबाईलवर चालेल अशी छोटी जाहिरात त्याला हवी होती. मला त्यानं ओळखलं नाही. "बाबांपासूनच सुरू करा मॅडम," म्हणाला. त्याच्या फोनमध्ये तुमची जुनी क्लिप होती. खुर्चीत बसून तुम्ही सांगताय, "लई पोरी घडवल्या मी. एडिटिंग शिकवून पायावर उभ्या केल्या."

गुलमंडीमागच्या तुमच्या स्टुडिओत मी लग्नांचे व्हिडिओ कापायला शिकले, हे खरं. पण तो दिवसही खरा. गावाहून, पिशोरहून माझे वडील पहिल्यांदाच माझं काम बघायला आलेत, इस्त्रीचा सदरा घालून बाकाच्या कडेला बसलेत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक तणतणत येतं, मुलीच्या पाठवणीचा भाग का काढला म्हणून. काढायला तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही माझ्याकडं बोट दाखवता आणि वडिलांना म्हणता, "हिला घेऊन जा काका. हिच्यानं व्हायचं नाय हे. भाकरी थापू द्या." वडील उठून तुम्हालाच हात जोडतात. बसमध्ये ते एवढंच बोलले, "जाऊ दे, माय." माझं लग्न होईपर्यंत मग मला शहरात पाठवलं नाही. पुढचं सगळं मी नंतर, दुसरीकडं शिकले.

तुमच्या मुलाला समजावलं, मोबाईल सरकवताना लोकांचा अंगठा थांबत नाही, सुरुवातीलाच काहीतरी हलतं दिसायला हवं. सोफ्यावर उडी मारणारी पोर पुढं घेतली. ती हवेत असतानाच कट, दुसऱ्या सोफ्यावर उतरते. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून अक्षरं मोठी. तुम्हाला टाकलं दुकानाच्या पत्त्याच्याही नंतर, शेवटच्या दोन सेकंदांत, जिथवर फारसं कुणी पोचत नाही. तिथंही तुमचा आवाज काढला. "लई पोरी" म्हणायला तोंड उघडता, तिथंच कापलं.

जाहिरात चालली, दुकानात गर्दी झाली. तुमचा मुलगा आभार मानत होता आणि माझ्या जिवाला गार वाटत होतं. अजून वाटतं.

हे पत्र त्याच्याही हाती पडणार नाही. फक्त एक सांगते. कापायच्या आधी मी ती क्लिप अख्खी ऐकली. तुम्ही माझं नाव घेता का, ते बघत होते.