अर्धी उत्तरं

८ एप्रिल
आज टेबलापाशी कुणीही आलं नाही. चहावाला भैया सोडून!

आमचा तरुण साहेब कौशिक – माझ्यासारखाच या हिंदी मुलखात आलेला, नाशिकचा पोर – यानं विमा कंपनीच्या सगळ्या शाखांसाठी मोबाइलवर ‘चौपाल’ काढली, गावचा पार असतो तशी. ज्याचं अडेल त्यानं प्रश्न टाकायचा, ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर लिहायचं. ‘काका, रिटायर होऊनही तुम्हाला ठेवून घेतलंय ते याचसाठी. डोक्यातलं सगळं यात ओता.’

ओतलं! मॅट्रिकनंतर जे शिकलो ते याच ऑफिसात, ह्याला-त्याला विचारून. मग देताना हात आखडता कशाला? लोक उत्तराखाली अंगठा दाखवतात. मला आधी रागच आला. ती शाबासकी असते म्हणे!

आता एकदा लिहिलेलं उत्तर सगळ्यांना पुरतं. विचारायला यायचं कारणच उरलं नाही. पूर्वी खुर्ची ओढून बसायचे – ‘गोपीनाथजी, ज़रा देखना’ – आणि कागद राहायचा बाजूला, घरचीच रडगाणी निघायची.

१० एप्रिल
माझी बायको शालिनी गेल्यापासून दिवसाचं बोलणं मी ऑफिसातच उरकून घेत होतो. आज विद्याधर नगरला घरी आलो, दार उघडलं, तेव्हा ध्यानात आलं – सकाळपासून आवाजच वापरला नाही.

१५ एप्रिल
युक्ती केली. उत्तर अर्धंच लिहिलं. खाली – ‘बाकीचं समक्ष सांगतो, टेबलापाशी या.’

वरच्या मजल्यावरचा चंदन आला! खुर्ची ओढली, पाऊण तास बसला, मुलीच्या शाळेचं सगळं सांगितलं. लबाडी आहे खरी. पण कुणाचं काय बिघडलं?

१६ एप्रिल
आज दोघं आले. एकानं कचोरी आणली!

२२ एप्रिल
बिघडलं.

सोडाला शाखेतून फोन. प्रियंका म्हणून नवी लागलेली पोर, मी तिला पाहिलेलंही नाही. पार शहराबाहेरच्या कानोत्याच्या एका गृहस्थांची मोटारसायकल चोरीला गेली. कागद कोणते घ्यायचे ते तिनं माझं उत्तर वाचून सांगितलं. बिचारे सगळं घेऊन आले, तर तिथले साहेब म्हणाले, गाडीच्या दोन्ही किल्ल्या कुठायत? किल्ल्यांचं मी ‘समक्ष’साठी राखून ठेवलं होतं! एवढ्या उन्हात ते पुन्हा कानोत्याला गेले. जाताना पोरीला सगळ्यांदेखत बोलले – कुछ आता-जाता नहीं तो बैठती क्यों हो?

‘अंकलजी, मैं तो सोडाला में हूँ. आपके टेबल तक कैसे आती?’

रागानं नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं. माझ्या टेबलापलीकडेही माणसं ते वाचतात, हे मला सुचलंच नाही. एकटेपणा माझा, आणि पाणउतारा त्या पोरीचा!

२३ एप्रिल
सगळी अर्धी उत्तरं पुरी केली. डोळे चुरचुरताहेत. प्रियंकाला फोन करून माफी मागितली. ‘हाय राम, बड़ों से माफ़ी थोड़े ही मँगवाते हैं!’ तिच्या साहेबांनाही सांगितलं, चूक माझी.

कौशिकला सांगायला गेलो. तो हसला – ‘मला वाटलं, काकांना टाइप करायचा कंटाळा येतो.’ खरं कारण ओठांपर्यंत आलं. ‘तसंच समज’ म्हणून परत फिरलो.

२९ एप्रिल
कुणी नाही.

२ मे
चंदन जिन्यात भेटला. ‘अब तो सब लिखा मिल जाता है, गोपीनाथजी. कमाल कर दिया आपने!’ आणि घाईत निघून गेला.

३ मे
आज चौपालीवर पहिल्यांदाच मी प्रश्न टाकला. एका माणसाचा भात किती लावायचा? रोज उरतो.

टाकला आणि लाज वाटली. कामाचा प्रश्न का हा! पुसायला गेलो, तोवर कौशिकचं उत्तर आलेलं – ‘दोघांचा लावा, काका. माझाही रोज उरतो. पत्ता?’

पत्ता विचारला, तोही सगळ्या शाखांसमोर!

दोघांचा कुकर लावलाय.