बिशपचा पायजमा

३ मार्च

नाही म्हणजे नाही. छापायची तर चौदाच्या चौदा नाटकं छापा, नाहीतर राहू द्या!

प्रकाशकांची फिलिपा आज लंडनहून मुद्दाम व्हिटबीला आली. चहा झाला, केक झाला, मग आवाजात साखर घालून — 'मिस्टर हॅलिवेल, एखादं नाटक गाळलं तर बरं. "बिशपचा पायजमा" तेवढं...'

समग्र म्हणजे समग्र. तेरा नाटकांना लोक पोट धरधरून हसले. हे एक ब्रॅडफर्डला आपटलं. म्हणून काय पोटचं पोर फेकून देऊ? तिला दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

४ मार्च

डोकं अजून तापलेलंच आहे. जाता जाता म्हणाली, 'त्याला कुणी हसलंच नव्हतं ना?'

हसलं होतं. एक जण. आमची एनिड!

तेव्हा ती त्या थिएटरात आइस्क्रीम विकायची. मध्यंतराच्या जरा आधी गळ्यात ट्रे अडकवून रंगमंचासमोर येऊन उभी राहिली. बिशप कपाटातून बाहेर आला. थिएटरात नुसता खोकला. मी मागच्या भिंतीला चिकटून मरायला टेकलेलो. आणि ही पोरगी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या हसण्यावर मी पुढची नाटकं लिहिली, आणि तिच्याशी लग्न केलं. जिला विनोद कळतो अशी एक तरी बाई ब्रॅडफर्डात होती.

ते नाटक गाळायचं? माझ्या प्रेतावरून जा म्हणावं.

९ मार्च

फिलिपाचा फोन. टीकाकार नेमकं तेच धरून झोडपतील म्हणे. झोडपू देत. म्हटलं, आता ते पहिलंच छापा.

१५ मार्च

बंदरावर मासे-बटाटे खात बसलो होतो. एनिड म्हणाली, 'कशाला त्या पोरीचा जीव खातोस? गाळू दे की एक.'

अगं बाई, तुझ्यासाठीच भांडतोय! असं मनातच म्हणत बटाट्यांवर आणखी व्हिनेगर ओतलं.

२ एप्रिल

जिंकलो. चौदाही छापणार, 'पायजमा' पहिलं. अर्पणपत्रिका लिहून टाकली : 'एनिडला. ती एकटी हसली होती.'

३ एप्रिल

एनिडला वाचून दाखवली. तिनं चष्मा काढला.

'अरे, आइस्क्रीमवाली स्टेजकडे पाठ करून उभी असते. लोकांकडे तोंड. तुझा बिशप मी कुठे पाहिला? तू मागे उभा राहून सगळ्यांची वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणत होतास, बिशपच्या बायकोचीसुद्धा, नाक मुरडून. मी तुला हसत होते.'

फिलिपाला यातलं काही सांगणार नाही. नाटक पहिलंच राहील.